घर, इस्पितळ आणि तिसरें दार

मराठी भाषेंत 'वेड' या एका शब्दाचा संसार फार मोठा आहे. भक्ताला देवाचें वेड लागतें, रसिकाला गाण्याचें लागतें, आई लाडक्या लेकराला कौतुकानें 'वेडा' म्हणते आणि दोन मित्र थट्टेंत एकमेकांना ठाण्याला किंवा येरवड्याला पाठविण्याची भाषा करतात. ही थट्टा करणारांपैकीं बहुतेकांनीं ठाण्याचें किंवा येरवड्याचें मनोरुग्णालय आंतून कधींहि पाहिलेलें नसतें, आणि पाहण्याची त्यांची इच्छाहि नसते. जी भाषा या शब्दाशीं इतक्या सलगीनें वागते, तिच्यांतील नाटककारांनीं आणि अलीकडच्या काळांत चित्रपटकारांनीं एका साध्या प्रश्नाकडे कितपत लक्ष दिलें आहे, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तो प्रश्न असा कीं, बुद्धीच्या उणिवेमुळें किंवा मनाच्या आजारामुळें ज्याचें आयुष्य चारचौघांपेक्षां वेगळ्या वाटेनें गेलें, अशा वयांत आलेल्या माणसानें राहावें कोठें?

आरंभींच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जन्मापासून अथवा बालपणापासून बुद्धीची वाढ मंद राहणें ही एक स्थिति. आणि नीट वाढलेल्या मनाला पुढें, पुष्कळदां ऐन तारुण्यांत, छिन्नमनस्कतेसारखा विकार जडणें ही अगदीं निराळी. पहिली आजार नव्हे. तिला औषध नसतें, शिक्षण असतें. दुसरी आजार आहे. तिला औषध आहे आणि त्याचा पुष्कळांना चांगला गुणहि येतो. कांहीं जणांच्या वांट्याला या दोन्ही गोष्टी एकदम येतात. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेंहि बौद्धिक उणीव ही मानसिक आजाराच्या व्याख्येंतून स्पष्टपणें वगळली आहे. असा भेद असला तरी निवाऱ्याच्या प्रश्नापाशीं येतांच दोन्ही घरांतील आईबापांच्या तोंडीं एकच वाक्य येतें: "आमच्या मागें याचें कोण?" हें वाक्य आपल्या समाजांत इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं, त्याचें उत्तर शोधण्याचें काम वाङ्मयानेंहि केलें असेल अशी अपेक्षा वाचकानें केल्यास ती अवाजवी म्हणतां येणार नाहीं.

जुन्या नाटकांकडून मात्र ही अपेक्षा करण्यांत अर्थ नाहीं. आगरकरांचें 'विकारविलसित' १८८३ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून वेडाचें सोंग घेणारा नायक मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. गडकऱ्यांनीं आपल्या एका प्रहसनास 'वेड्यांचा बाजार' असेंच नांव दिलें. वसंत कानेटकरांनीं तर 'वेड्याचं घर उन्हात' ही लोकांच्या तोंडची म्हणच नाटकाच्या कपाळीं लावली. परंतु या परंपरेंत वेड हें बहुधा दुसऱ्या कांहीं हेतूचें साधन असतें. कोठें तें हंसविण्यासाठीं येतें, कोठें मनाचे गूढ कप्पे उघडून दाखविण्यासाठीं येतें, कोठें शहाण्यांच्या तोंडीं न शोभणारें सत्य सांगण्यासाठीं येतें. पडदा पडला कीं त्याचें काम संपतें. वेड्याचें घर उन्हांत असतें असें म्हण सांगते; तें घर उन्हांत कां राहिलें, त्यावर छप्पर कोणीं घालावयाचें होतें, हें विचारण्याची त्या म्हणीला गरज वाटत नाहीं आणि तीवर पोसलेल्या वाङ्मयालाहि वाटली नाहीं.

हा प्रश्न मराठी रंगभूमीवर सरळ मांडण्याचें श्रेय जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती' या नाटकाला दिलें पाहिजे. नोकरी करणारें मध्यमवर्गीय जोडपें, आणि शरीरानें मोठा झालेला परंतु बुद्धीनें लहानच राहिलेला त्यांचा एक मुलगा, एवढीच या नाटकाची सामग्री. त्या मुलाला सांभाळतां सांभाळतां नवराबायकोच्या नात्याचें काय होतें, दोघेहि चांगलीं माणसें असूनहि तीं कशीं झिजतात, हें दळवींनीं मुळींच गुळमुळीतपणा न ठेवतां दाखविलें. आईबापांच्या मनांत येणारे, पण चारचौघांत उच्चारतां न येणारे विचार त्यांनीं रंगभूमीवर आणले, हें लहानसहान धैर्य नव्हे. पुष्कळ प्रेक्षकांना आपल्या शेजारच्या बंद दारामागें काय चाललें असेल याची पहिली जाणीव या नाटकानेंच झाली असावी.

तथापि या नाटकाचा खरा विषय आईबाप हा आहे, मुलगा हा नव्हे. तो रंगमंचावर असतो, परंतु त्याचें असणें हें दुसऱ्यांच्या दुःखाचें कारण म्हणून असतें. त्याला स्वतःला काय हवें आहे, तें नाटकाला विचारावेंसें वाटत नाहीं. जें नाटकाचें, तेंच 'चौकट राजा' (१९९१) या संजय सूरकर यांच्या चित्रपटाचें. लहानपणींच्या अपघातानें बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू, त्याला जिवापाड जपणारी आई, आणि मोठेपणीं पुन्हा भेटलेली बालमैत्रीण, अशी ही कथा आहे. दिलीप प्रभावळकरांचा नंदू आणि सुलभा देशपांडे यांची आई या दोन भूमिका अद्यापहि लोकांच्या डोळ्यांपुढून हललेल्या नाहींत, आणि त्या पाहून घरोघर डोळे ओले झाले. पण डोळे ओले होणें आणि डोळे उघडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नंदूवर प्रेक्षकानें प्रेम करावें यासाठीं चित्रपटानें त्याला निरागस, हंसरें, मोठें बाळ केलें. खरोखरीच्या चाळीस वर्षांच्या अशा माणसाला राग येतो, हट्ट असतात, आवडीनिवडी असतात, मैत्रीची व सहवासाची ओढ असते, कामाचे चार पैसे स्वतःच्या खिशांत असावेत असें वाटतें, आणि कधीं कधीं आईचाहि कंटाळा येतो. हें सगळें दाखविल्यानें त्याच्याविषयींची करुणा कदाचित् थोडी कमी झाली असती; परंतु तो कोठें राहील या प्रश्नाचें उत्तर अधिक जवळ आलें असतें. कारण बाळाची जागा आईच्या मांडीवर असते, आणि आईची मांडी कांहीं अमर नाहीं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या तीन चित्रपटांकडे आम्ही यापुढें वळतों, कारण त्यांनीं ही वाट थोडी पुढें नेली आहे. 'देवराई' (२००४) मधील शेष हा छिन्नमनस्कतेनें ग्रासलेला, कोंकणांतल्या देवराईच्या ध्यासानें झपाटलेला तरुण आहे. येथें प्रथमच रोग्याच्या मनांतून जग दिसतें; भास त्याला किती खरे वाटतात, हें प्रेक्षकाला त्याच्या बाजूनें कळतें. आणि त्याचा भार उचलते ती त्याची विवाहित बहीण. आपल्याकडच्या शेंकडों घरांचें हें यथार्थ चित्र आहे. आईबाप गेल्यावर किंवा थकल्यावर हा प्रश्न वारसाहक्कानें भावाबहिणींकडे येतो. आणि बहिणीकडे आला तर तो तिच्या एकटीकडे येत नाहीं, तिच्या सासरच्या माणसांच्या चांगुलपणावर जाऊन बसतो.

'अस्तु' मध्यें स्मृति हरवलेले संस्कृतचे वृद्ध प्राध्यापक रस्त्यानें चाललेल्या हत्तीच्या मागोमाग चालूं लागतात, आणि त्यांना ठाव मिळतो तो त्या हत्तीवाल्याच्या फिरस्त्या, दरिद्री संसारांत. सुवर्णकमळाचा मान मिळविणाऱ्या 'कासव' (२०१६) मध्यें जगणें नकोसें झालेल्या एका तरुणाला कोंकणांतल्या घरीं आश्रय देणारी बाई त्याच्या रक्ताची कोणीहि नसते. ती त्याला फारसे प्रश्न विचारीत नाहीं, उपदेश करीत नाहीं, त्याला जागा देते आणि वाट पाहते. या दोन्ही चित्रपटांत, जें रक्ताच्या नात्याला जमत नाहीं तें परक्याला जमतें, असें आम्हांला दिसून आलें. हें केवळ कथानकाच्या सोयीसाठीं आलें असेल असें आम्हांला वाटत नाहीं. घरच्या माणसाला रोग्याचा भूतकाळ ठाऊक असतो. तो पूर्वीं कसा होता, काय होणार होता, याच्या आठवणीनें त्याचा प्रत्येक शब्द जड झालेला असतो. परक्यापुढें तो जसा आहे तसाच उभा असतो. मात्र हा परका चित्रपटांत योगायोगानें भेटतो. हत्ती त्याच दिवशीं त्याच रस्त्यानें गेला म्हणून प्राध्यापक वांचले. ज्यांच्या रस्त्यानें हत्ती जात नाहीं त्यांनीं काय करावें, येथपर्यंत या चित्रपटांची दृष्टि पोंचत नाहीं, आणि कथेनें तेथवर जावेंच असा आग्रहहि धरतां येत नाहीं. परंतु टीकाकारानें तेथें गेलें पाहिजे.

एवढ्या सगळ्या कलाकृतींत आम्हांला दोनच दारें दिसलीं. एक घराचें, तें प्रेमाचें पण झिजत जाणारें. आणि दुसरें इस्पितळाचें, तें भयाचें. या दोहोंच्या मध्यें तिसरें कांहीं असूं शकतें ही कल्पनाच आपल्या वाङ्मयाला फारशी सुचलेली नाहीं. याचें कारण केवळ लेखकांच्या प्रतिभेंत शोधणें अन्यायाचें होईल. समाजापुढें खरोखरच दोन दारें होतीं. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ चें. तें आणि येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील मिळून चार मोठीं सरकारी मनोरुग्णालयें हीच महाराष्ट्राच्या वांट्याला आलेली व्यवस्था. १९१२ च्या कायद्यानें या रुग्णालयांत माणूस जात असे तो बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानें, म्हणजे जवळजवळ कैद्याप्रमाणें. आणि तो कायदा पाऊणशें वर्षें टिकला. त्याच्या जागीं १९८७ सालीं केलेला कायदा प्रत्यक्ष अमलांत येण्यास १९९३ साल उजाडलें. भोर समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला तेव्हां सबंध ब्रिटिश हिंदुस्थानांत मनोरुग्णांसाठीं सुमारें १०,००० खाटा होत्या. म्हणजे एवढ्या मोठ्या देशाचा भार तेव्हांहि इस्पितळांनीं नव्हे, तर घरांनींच उचलला होता. इस्पितळ हें घरें हरल्यानंतरचें ठिकाण होतें.

इस्पितळावर टीका करतांना एक गोष्ट विसरूं नये. आजार उसळला असतां कांहीं आठवडे इस्पितळाची गरज लागते, आणि तेथें मनापासून काम करणारे डॉक्टर व परिचारिका आहेत. आमचा आक्षेप उपचाराच्या त्या दिवसांवर नाहीं. उपचार संपल्यावरहि जीं वर्षें तेथें जातात त्यांवर आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एर्विंग गॉफमन यानें १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत अशा संस्थांचें मर्म एका साध्या निरीक्षणांत सांगितलें आहे. सामान्य माणूस एका ठिकाणीं झोंपतो, दुसऱ्या ठिकाणीं काम करतो, तिसऱ्या ठिकाणीं मन रमवितो, आणि या तिन्ही ठिकाणीं त्याच्या भोंवतालचीं माणसें व त्याच्यावरचे अधिकारी निराळे असतात. संपूर्ण संस्थेंत या तिन्ही भिंती पडतात: एकाच आवारांत, त्याच माणसांबरोबर, एकाच अधिकाऱ्याच्या घंटेवर माणसाचा सगळा दिवस जातो. तेथें राहणाऱ्याचें माणूसपण कमी होतें तें मारहाणीनेंच होतें असें नाहीं. चहा कितीं वाजतां घ्यावा, दिवा केव्हां मालवावा, आज कोणता सदरा घालावा, हें ठरविण्याचा अधिकार गेल्यानेंहि होतें. वास्तविक ही कसोटी घरालाहि लावून पाहण्यासारखी आहे. ज्या प्रेमळ घरांत चाळिशीच्या मुलाला एकट्याला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊं दिलें जात नाहीं, तें घरहि एक लहानसें इस्पितळच होऊन बसतें.

तिसरें दार शक्य आहे काय, याचें सर्वांत जुनें उत्तर बेल्जममधील खेल नांवाच्या गांवीं मिळतें. दिंफ्ना नांवाच्या आयरिश राजकन्येची कथा तेथें सांगतात. वेडानें भ्रमिष्ट झालेल्या बापापासून ती पळाली, आणि खेल येथें त्याच्याच हातून मारली गेली. पुढें मनोरुग्णांची कैवारी म्हणून तिची उपासना सुरू झाली आणि बरे होण्याच्या आशेनें लोक आपल्या माणसांना तेथें आणूं लागले. देवळाला लागून असलेली जागा अपुरी पडूं लागली तेव्हां गांवकऱ्यांनीं त्या यात्रेकरूंना आपापल्या घरीं ठेवून घेतलें. आलेल्यांपैकीं पुष्कळ परत गेलेच नाहींत. अशा रीतीनें मध्ययुगांत सुरू झालेली ही चाल एकोणिसाव्या शतकांत सरकारी देखरेखीखालीं आली. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या लहानशा गांवांतील घरांतून साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे राहत होते. मनाचे रोगी आणि बुद्धीनें मंद, असे दोन्ही प्रकारचे लोक त्यांत असत. आतां शेती गेली, बायका कामासाठीं बाहेर पडूं लागल्या, औषधें सुधारलीं, आणि ही संख्या फार ओसरली. परंतु चाल मोडली नाहीं, आणि २०२३ सालीं युनेस्कोनें जपणुकीचा एक चांगला आदर्श म्हणून तिची नोंद केली.

या चालीचें रहस्य लोक 'दया' या एका शब्दांत सांगून मोकळे होतात. आम्हांला तें तितकें सोपें वाटत नाहीं. खेलमध्यें ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला पैसे मिळतात. अडचण आली कीं मदतीला धांवणारी परिचारिका असते, गांवांतच रुग्णालय असतें, आणि संकट वाढलें तर पाहुण्याला कांहीं दिवस तेथें नेतां येतें. पाहुण्याला तेथें रोगी म्हणत नाहींत. त्याच्यासाठीं असलेल्या शब्दाचा अर्थ, पैसे देऊन घरीं जेवणारा व राहणारा, एवढाच आहे. यजमानाला त्याचें निदान काय आहे तें माहीत असावेंच असाहि आग्रह नव्हता. त्यानें त्याला माणूस म्हणून ओळखावें एवढीच अपेक्षा. म्हणजे दया आहे, पण तिच्या पाठीमागें पगार, डॉक्टर आणि पिढ्यान् पिढ्यांची संवय आहे.

कोणी म्हणेल, हें तेथें चालतें, आपल्याकडे परका माणूस घरांत कोण घेईल? असें म्हणणारांनीं आपल्याच आजोबांच्या काळाकडे पाहावें. पुण्यासारख्या शहरांत शिकणारा गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सात दिवस सात घरें. सोमवारीं एका माजघरांत, मंगळवारीं दुसऱ्या. त्या पोरानें पुढें मोठें होऊन उपकार फेडावे अशा हिशोबानें तें ताट वाढलेलें नसे, आणि त्या ताटावांचून आपल्या कित्येक विद्वानांचें शिक्षण पुरें झालें नसतें. त्या चालीवर जातीचें कुंपण होतें, आणि तें तसें होतें हें लपविण्यांत भूषण नाहीं. पण परक्याला नियमानें, ठरलेल्या वारीं, उपकाराचा डंका न पिटतां पंगतींत बसवून घेण्याची कला आपल्या मध्यमवर्गाला अनोळखी नव्हती, एवढें त्यावरून निश्चित दिसतें. जातीचें कुंपण काढून तीच कला आज पुन्हा शिकतां येणार नाहीं, असें मानण्यास आम्हांला कारण दिसत नाहीं.

आणि ती शिकण्यास सुरुवात झालीहि आहे. चेन्नईस १९९३ सालीं दोन तरुण स्त्रियांनीं रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांसाठीं 'द बॅनियन' ही संस्था काढली. तिनें २०१५ सालीं एक साधा प्रयोग आरंभिला. वर्षानुवर्षें संस्थेंत राहिलेल्या आणि परत घेऊन जाणारें कोणी नसलेल्या स्त्रियांसाठीं साध्या वस्तींत घरें भाड्यानें घेतलीं. प्रत्येक घरीं चारपांच जणी आणि मदतीला एक कार्यकर्ती. बाजारहाट त्यांनींच करावयाचा, स्वयंपाक काय करावयाचा हें त्यांनींच ठरवावयाचें, शेजाऱ्यांशीं भांडण झालें तर तें त्यांनींच मिटवावयाचें. येथें गॉफमननें सांगितलेल्या तिन्ही भिंती पुन्हा उभ्या राहतात. महाराष्ट्रांत बदलापूरच्या 'आधार' सारखी संस्था आईबापांनीं स्वतःच एकत्र येऊन उभारली, कारण त्यांच्या मागें कोण, याचें उत्तर दुसऱ्या कोणीं दिलें नाहीं. अमरावती जिल्ह्यांत वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं टाकून दिलेल्या अपंग मुलांना आपलें नांव दिलें. अठरा वर्षें पुरीं झालीं कीं मुलानें बालगृह सोडावें हा नियम अशा मुलांना लावणें म्हणजे त्यांना पुन्हा रस्त्यावर टाकणें होय, हें ते वर्षानुवर्षें सरकारला सांगत आले. २०२४ सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अठराव्या वर्षाच्या वाढदिवशीं काय होतें, हा त्यांनीं उभा केलेला प्रश्न एखाद्या चांगल्या कादंबरीचा विषय आहे; आणि ती कादंबरी अद्याप आमच्या वाचनांत आलेली नाहीं.

कायदाहि आतां पाठीशीं आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानें, आईबापांच्या मृत्यूनंतर अशा माणसांची काळजी वाहिली जावी हा आपल्या उद्दिष्टांपैकीं एक उद्देश म्हणून लिहून ठेवला. २०१७ चा कायदा त्याहून पुढें जातो. केवळ कुटुंब नाहीं, किंवा कुटुंब घेत नाहीं, किंवा बाहेर सोय नाहीं, एवढ्याच कारणास्तव कोणालाहि मनोरुग्णालयांत ठेवून घेतां येणार नाहीं, असें त्याचें १९ वें कलम सांगतें. आणि अशा माणसांसाठीं वस्तींत राहण्याच्या जागा निर्माण करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतें. कलम उत्तम आहे. परंतु कलमाला कोणी घर भाड्यानें देत नाहीं. घर भाड्यानें देतो तो घरमालक, आणि त्याला अडवते ती गृहनिर्माण सोसायटीची सभा. त्या सभेंत बसणारे लोक म्हणजे 'चौकट राजा' पाहून रडलेले आम्ही तुम्ही वाचकच होत.

लहान घर म्हणजे चांगलें घर, असाहि भोळा समज कोणीं करून घेऊं नये. तमिळनाडूंतील एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं लागलेल्या आगींत २८ मनोरुग्ण मरण पावले. तें कांहीं मोठें सरकारी इस्पितळ नव्हतें. दर्ग्याच्या आधारानें उभी राहिलेली ती एक खासगी झांपवजा जागाच होती, आणि तिचें नांवहि 'होम' असेंच होतें. माणसें साखळीनें बांधलेलीं होतीं म्हणून त्यांना पळतां आलें नाहीं. यावरून असें ठरतें कीं, घराची परीक्षा त्याच्या आकारावर किंवा पाटीवर करूं नये. दाराची किल्ली कोणाकडे आहे, बाहेरचा माणूस न सांगतां केव्हांहि आंत येऊन पाहूं शकतो काय, आणि राहणाऱ्याला तेथें राहावयाचें नसेल तर तसें सांगण्याची सोय आहे काय, हे तीन प्रश्न विचारावे. आईच्या घरालाहि हे प्रश्न लागूं आहेत.

शेवटीं भाषेच्या एका गोष्टीकडे लक्ष वेधावेंसें वाटतें, कारण ती सुधारण्यास सरकारची गरज नाहीं. आपल्याकडे अशा संस्थांतून राहणाऱ्या सर्वांना, त्यांचें वय पन्नाशीला टेकलें तरी, 'मुलें' म्हणण्याची रीत आहे. बाविशींतला काळजीवाहक पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाला 'अरे, इकडे ये' असें म्हणतो, आणि तो गृहस्थ त्याला 'दादा' म्हणतो. यांत दुष्टावा नाहीं, पुष्कळदां माया आहे. पण ज्या भाषेनें 'तूं', 'तुम्ही' आणि 'आपण' अशा तीन पायऱ्या इतक्या काळजीनें बांधल्या, तिनें या माणसांना कायमचें पहिल्या पायरीवर बसवून ठेवावें, यांत कांहींतरी अर्थ आहे. बाळाला घर मागतां येत नाहीं. घर 'अहो' म्हटल्या जाणाऱ्या माणसाचें असतें. आपल्या नाटककारांनीं दाखविलेला मोठा झालेला बाळ आणि संस्थांतील हीं 'मुलें' यांचें कूळ एकच आहे, असें आम्हांला वाटतें.

म्हणून आमच्या लेखकांजवळ आमची मागणी अशी आहे. आईबापांच्या दुःखाचें चित्र आतां पुष्कळ झालें. तें खरें होतें, आणि दळवींसारख्यानें तें उत्तम काढलें. पुढच्या लेखकानें पडदा थोडा उशिरा पाडावा. आई गेल्यानंतरच्या दिवसापासून आरंभ करावा. भाड्याच्या घरांत राहणाऱ्या चौघांपैकीं एकजण सकाळीं औषध घ्यावयाला कां कूं करतो, दुसरा कामावर निघतो, तिसऱ्याला वरच्या मजल्यावरच्या काकूंचा राग आला आहे, आणि काकूहि अजून पुरत्या निवळल्या नाहींत, असें एखादें साधें चित्र त्यानें काढावें. त्यांत मोठा शोक नसेल. कदाचित् थोडा विनोदहि असेल, आणि तो विनोद त्या चौघांनाहि कळेल. असें नाटक पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक रुमालानें डोळे पुसणार नाहीं. पण पुढल्या रविवारीं सोसायटीच्या सभेंत तळमजल्यावरची रिकामी जागा कोणाला द्यावयाची हा विषय निघेल, तेव्हां अशा चौघांचें नांव कोणी काढलेंच तर तो त्याला निदान खालीं बसवणार नाहीं.